जुडी बांधताना म्हटलेलं ‘हव’

माझ्या मायचा फोन रोज सकाळी सहाला येतो. त्या वेळी मी वाशिमच्या कडेला असलेल्या आमच्या बागायतीत उकिडवा बसून मेथीच्या नाहीतर सांबाराच्या जुड्या बांधत असतो. सांबार म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. सातच्या आत माल बाजारातल्या हर्रासात, म्हणजे लिलावात, पोचला नाही तर तो तिथंच सुकतो, म्हणून दोन्ही हात मोकळे लागतात. मग फोनचं काय करायचं? आमच्याकडच्या सगळ्या भाजीवाल्यांचा त्यावर एकच उपाय आहे. डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळायचा आणि फोन कानाजवळ त्याच्या आत खोचायचा. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, याची दाढ दुखते आहे.

माय आसेगावला राहते. बाबा गेल्यावरही तिनं तिथलं दोन खोल्यांचं घर सोडलं नाही. तिच्या फोनमध्ये सगळा गाव असतो. नळाला पाणी आलं की नाही, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, तिचा गुडघा काल कसा होता. आणि मी म्हणतो, ‘हव’.

वऱ्हाडात होकाराला हव म्हणतात, पण होकार एवढंच त्याचं काम नाही. समोरचा बोलत असेल तर मधूनमधून हव म्हणत राहावं लागतं. नाही म्हटलं तर तो थांबतो आणि विचारतो, “आयकून राह्यला नं?” म्हणजे हव हा ऐकल्याचा पुरावा. मी तो पुरावा वर्षानुवर्षं खोटा देत आलो. सुतळीचा फास ओढला की तोंडातून आपोआप हव निघायचं. एक जुडी, एक हव. मायचं बोलणं मला पंपाच्या आवाजासारखं झालं होतं. चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, इतकंच त्यातून कळायचं.

बायको शेजारीच बसून वांगी निवडत असायची. सासूला ती मामीजी म्हणते. एकदा म्हणाली होती, “मामीजी तुमच्यासंग बोलतात का मेथीसंग?”

“माह्यासंग. कायले?”

“काही नाई. मेथी जास्त ध्यान देऊन आयकून राह्यली असं वाटलं.”

मी हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

आता बहिणीबद्दल लिहायला हवं. त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

माझी धाकटी बहीण अकरा वर्षांपूर्वी घरच्यांना न विचारता दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून शिरपूरला गेली. शिरपूर जैन म्हणजे काही परदेश नाही. एका एसटीचं अंतर. तिच्या नवऱ्याचं तिथं स्टँडजवळ चहाचं दुकान आहे, ती घरी ब्लाउज शिवते. बाबांनी तिचं नाव घेणं बंद केलं आणि मी बाबांच्या मागे उभा राहिलो. मला राग आला होता की लोक काय म्हणतील याची भीती वाटली होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तीन वर्षांनी बाबा गेले. त्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. मी बाबांच्या उशाशी होतो. फाटकाजवळ कोणी आल्याचं जाणवलं म्हणून वर पाहिलं, तर ती. आमची नजरानजर झाली. मी मान दुसरीकडे फिरवली.

एवढंच. मी तिला जा म्हटलं नाही. हात दाखवला नाही. पण घरातला आता मोठा मीच होतो, आणि अंगणातल्या सगळ्यांनी माझी मान पाहिली. कोणी तिला आत ये म्हणालं नाही. माय आतल्या खोलीत बायांच्या घोळक्यात होती, तिला कळलंच नाही. थोड्या वेळानं मी पुन्हा फाटकाकडे पाहिलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

पुढं कधी विषय निघालाच तर मी म्हणायचो, “मी कुठं तिले काही बोललो?” आणि हे खरंच होतं. माणूस स्वतःची सुटका करायला असं एखादं खरं वाक्य शोधून ठेवतो. माझं ते वाक्य आठ वर्षं टिकलं.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी सकाळची हर्रास आटोपून आसेगावला गेलो. आखाजीला बाबांच्या नावानं घागर भरायची असते, ते काम माझं. पिशवीत आंबे आणि सांबार घेऊन दारात चपला काढल्या, तर आत पोळ्या लाटायचा आवाज येत होता. मायचा गुडघा धरल्यापासून ती खाली बसून पोळ्या लाटत नाही. मला वाटलं शेजारची कोणी आली असेल.

बहीण होती. मला पाहून ती उठली, पिठाचे हात पदराला पुसले आणि सरळ येऊन माझ्या पाया पडली. माझी पिशवी हातातच.

“भाऊ,” ती म्हणाली, “मायचा निरोप आला तवा मले खरंच वाटलं नाई. म्या तिले म्हटलं, तू पयले भाऊले इचार. भाऊ हव म्हणत नाई तवलोक मी उंबरा वलांडत नाई. मंग तिनं इचारलं अन् तू म्हणे लगेच हव म्हटलं. दोनदा इचारलं म्हणे, तं दोनदा हव म्हटलं.”

मी मायकडे पाहिलं. माय कुरडया तळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मला काहीही आठवत नव्हतं. एक शब्द नाही. कोणत्या दिवशी विचारलं, मी तेव्हा काय करत होतो, काहीच नाही. बहिणीचे डोळे भरले होते आणि मी म्हणालो, “बस, बस. पोळी जळून राह्यली.” पोळी खरंच जळत होती, एवढं नशीब.

तिची सात-आठ वर्षांची मुलगी दारामागून मला बघत होती. तिनं आईला मोठ्यानं विचारलं, “हा मामा कमी बोलते का?”

“नाई वं,” बहीण म्हणाली, “पयले लय बोलाचा. मले चिडवाचा.”

घागर भरली. जेवण झालं. बहिणीनं मला आग्रह करून रस वाढला, आणि बोलत राहिली. तिच्या नवऱ्याला किती बरं वाटलं, शेजारणींना तिनं कसं सांगितलं की भावानं बोलावलं. दर थोड्या वेळानं ती म्हणायची, “तू हव म्हटलं नं भाऊ, माहं सगळं जड उतरलं.” आणि मला रस घशाखाली जाईना. ज्या गोष्टीसाठी ती माझे उपकार मानत होती ती मी केलेलीच नव्हती. चोरीचा माल घरात ठेवून पंगतीत बसल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली,

“मंग आता तिले सांगान काय, म्या आयकलंच नव्हतं म्हणून?”

“सांगावं लागन.”

“काहून? झालं ते चांगलंच झालं नं? घराचं दार उघडलं. कोणी उघडलं, कसं उघडलं, कायले पाह्यता? गप बसा.”

मी पंधरा-वीस दिवस गप्प बसलो. तोवर बहिणीचेही फोन येऊ लागले, संध्याकाळचे. मी आता फोन दुपट्ट्यात खोचत नव्हतो, हातात धरून ऐकत होतो. ती बोलता बोलता थांबायची. ती मला बोलायला जागा ठेवत होती, आणि त्या जागेत मी जे बोलायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बोलत होतो. बांधावर एक माणूस रोज तुम्हाला रामराम करतो आणि तुम्ही त्याची वाट अडवून ठेवली आहे, असं काहीसं.

शेवटी एक दिवस मी आसेगावला जाऊन मायला विचारलं. ती ओट्यावर बसून गहू पाखडत होती.

“माय, तू मले खरंच इचारलं होतं?”

“इचारलं होतं.”

“मी आयकलं नव्हतं.”

“मले मालूम हाये.” सूप थांबलं नाही.

“मालूम हाये म्हंजे?”

“तुह्यासंग रोज बोलते नं मी. तुहं आयकून म्हटलेलं हव लांब राह्यते. हऽऽव. अन् जुडीचं हव तुटक राह्यते, सुतळी वढल्यावानी. त्या दिशी मेथी लय होती तुही. म्हटलं, आताच इचारून घ्यावं.”

मी ओट्याच्या कडेला बसलो. “म्हणजे तू मुद्दाम...”

“तुले आयकू गेलं असतं तं तू हव म्हटलं असतं काय?”

  त्या वेळी कदाचित मी म्हणालो असतो, पाहू. आमच्या घरात पाहू म्हणजे नाही.

“मंग?” माय म्हणाली. “मले मरायच्या आंधी पोरगी घरात पाह्यची होती. तुहं तोंड होतं, हव माहं होतं. त्यात कोणाचं काय गेलं?”

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “पोरीले पोरगी झाली थे बी म्या तुले सांगतलं होतं. तिले डबा घेऊन मी शिरपूरले चालली, हे बी सांगतलं होतं. तू हव म्हटलं होतं, बाबू. आठ वर्सांत तुले सांगतलं नाई असं काहीच नाई.”

भाची झाल्याचं मला वर्षभरानंतर बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं होतं. मी तेव्हा मनातून चिडलो होतो, की घरचं कोणी मला सांगत नाही.

“आता मी तिले सांगू काय?” मी विचारलं.

“नोको सांगू,” माय म्हणाली. “पण तू आयकणार हाये थोडीच.”

दोन दिवसांनी मी मोटारसायकलनं शिरपूरला गेलो. आधी चहाच्या दुकानावर थांबलो. बहिणीचा नवरा, आमचा जावई, गल्ल्यावरून उठून पुढे आला, माझ्यासाठी खुर्ची पुसली. आमची धड ओळखही नव्हती. मी म्हणालो, जरा बहिणीशी बोलायचं आहे. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मागच्या गल्लीतलं घर दाखवलं. स्वतः आला नाही. ऐकण्याची ही एक रीत मी त्या दिवशी त्याच्याकडून पाहिली.

बहीण मशीनवर बसली होती. बाही जोडत होती. मला पाहून तिचा चेहरा इतका उजळला, की वाटलं, बायको म्हणते तेच बरोबर, गप बसावं. पण मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. दुपट्टा, मेथी, सुतळी, सगळं. म्हणालो, “मायनं इचारलं हे मले आयकूच गेलं नाई. म्या तुले बोलावलं नव्हतं. तू ज्याच्यासाठी माह्या पाया पडली थे म्या केलंच नाई.”

मशीनचं चाक थांबलं. तिनं सुई वर घेतली, कापड सोडवलं, नीट घडी केली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बाहेरून कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. त्या दोन-तीन मिनिटांत मला पक्कं वाटलं की आता ती जा म्हणेल आणि ते माझ्या हक्काचं असेल. ती जा म्हणाली असती तर आखाजीला उघडलेलं दार मी माझ्या हातानं लावलं असतं, मायच्या जिवंतपणी.

“बस,” ती म्हणाली.

मी बसलो.

“आता मी बोलते. अन् तू एक बी हव म्हणू नोको. हुं बी नाई. मान बी हलवू नोको. नुसता आयक.”

आणि ती बोलली. बाबा गेले त्या दिवशी ती पहिल्या एसटीनं निघाली होती. बाबांचं तिनं शेवटचं तोंड पाहिलं नाही. फाटकाजवळ ती उभी होती तेव्हा तिला सातवा महिना होता. “तू पाह्यलं बी नाई,” ती म्हणाली. “इतक्या घाईनं मान फिरवली का माहं पोट बी तुले दिसलं नाई. कोणी पाणी इचारलं नाई. मी स्टँडवर जाऊन बसली, दुपारपर्यंत एसटी नव्हती. तिथं एका बाईनं मले पाणी देल्लं, तिले मी वळखत बी नाई.”

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आठ वर्षं मी त्या नजरानजरेचा इतका विचार केला होता, पण मला त्यात फक्त माझी मान आठवायची. तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

ती रडत नव्हती. ती भांडत होती. लहानपणी चिंचेच्या वाटणीवरून भांडायची तशी, बोट नाचवत. तिनं मला भित्रा म्हटलं, बाबांची सावली म्हटलं. पहिली दिवाळी, मुलीचं बारसं, नवऱ्याचं आजारपण, प्रत्येक वेळी कोणाची वाट पाहिली ते सांगितलं. मध्ये मध्ये मला बोलावंसं वाटत होतं. असं नव्हतं, मला असं वाटायचं, मी त्या वेळी, अशी वाक्यं घशापर्यंत यायची. तिनं मला गप्प राहायला बांधून घातलं होतं म्हणून ती वाक्यं तिथंच राहिली. आणि थोड्या वेळानं एक गोष्ट लक्षात आली. मी ती वाक्यं तयार करायचं सोडलं की मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती कुठं श्वास घेते, कुठल्या शब्दाला आवाज चिरतो, सगळं. इतकी वर्षं मी ऐकतो तेव्हा खरं तर उत्तर बांधत असायचो. जुड्याच त्या, वेगळ्या मालाच्या.

किती वेळ गेला सांगता येत नाही. जावई एकदा दारापर्यंत आला, आतला आवाज ऐकून तसाच परत फिरला. शेवटी ती थकली. पाण्याचा गडवा उचलून घटाघटा प्याली, आणि मलाही दिला.

“संपलं,” ती म्हणाली. “आता तू बोल.”

मी तोंड उघडलं. अकरा वर्षांचं काय काय ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही हाताला लागेना. “चुकलो,” मी म्हणालो.  आणि मग, का कोण जाणे, “भूक लागली वं लय.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. मशीनवर डोकं टेकून हसली. मग तिचे डोळे वाहायला लागले, पण हसणं थांबलं नाही. मलाही आवरेना. भाची शिकवणीहून आली तर आई आणि मामा दोघंही डोळे पुसत हसताहेत. ती दप्तर घेऊन दारातच थांबली आणि म्हणाली, “पप्पाले बोलावू काय?”

बहिणीनं भाकरी टाकल्या, ठेचा केला. मी चार भाकरी खाल्ल्या. आखाजीचा रस माझ्या घशाखाली उतरला नव्हता, आणि इथं कोरडी भाकरी लोण्यासारखी जात होती.  ती मला माफ केलं म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. पण ती तव्यावर भाकरी उलटताना पाठमोरीच मला विचारत होती, मायच्या गुडघ्याला कोणतं तेल लावता, वहिनीला साडी कोणत्या रंगाची घेऊ. ज्याला घालवून द्यायचं आहे त्याला माणूस असं विचारत नाही.

जावई आला. हात धुऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, “झालं का? दुकानावर चार गिऱ्हाइकं इचारून गेले, घरी काय भांडण हाये म्हणून. म्या म्हटलं, मायेरचं माणूस आलं हाये.”

निघायला उठलो तेव्हा बहीण दारापर्यंत आली. मोटारसायकलच्या हँडलकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवले.

“काहून रे भाऊ, पिशवी कुठी हाये?”

“कोणती पिशवी?”

“भाजीची! वावरात वांगे, मेथी, सांबार, अन् बयनीच्या घरी पयल्यांदा आला तं हात हलवत आला? दोन वांगे बी नाई?”

मी तिला सांगितलं की मुद्दामच आणली नाही. कबुली द्यायला येताना भाजी आणली असती तर ती लाच दिल्यासारखी दिसली असती. सकाळी पिशवी भरली होती आणि पुन्हा उतरवून ठेवली होती. हे अगदी खरं होतं.

“चाल हट,” ती म्हणाली. “इसरला म्हण की सरळ. आंधीपासून इसराळूच तू.” आणि आतल्या बाजूला वळून नवऱ्याला ओरडून सांगितलं, “आयकलं काय हो, आमचा भाऊ भाजी इसरला अन् आता गोष्टी सांगून राह्यला!”

 अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्यावर इतका लहान आरोप ठेवला होता. मी तो मान्य करून गाडीला किक मारली.